म्हसवडपासून

सहा आठवडे मी घरात पाटीवर बोलले.
"भाजीत मीठ टाका" एवढं लिहीपर्यंत
नवऱ्याची दुसरी भाकरी संपलेली.
भांडायला तर पाटी पुरतच नाही.
पुसायचं, पुन्हा लिहायचं,
तोवर राग शिळा होतो
आणि बोटांना नुसता खडू राहतो.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या होत्या गाठी,
ज्वारीच्या कणीएवढ्या दोन,
समोरासमोर.
बावीस वर्षं सातारा स्टँडच्या त्या काचेमागे बसून
गर्दीच्या डोक्यावरून आवाज फेकल्याची मजुरी.
"कुजबूजसुद्धा नको," म्हणाले, "तिनं जास्त ताण येतो."
मी तर जन्मभर कुजबुजीला विश्रांती समजत आले.

सातव्या आठवड्यात पोवई नाका, दुसरा मजला,
समीना मुजावर, माझ्या लेकीच्या वयाची.
ग्लासात पाणी, पाण्यात स्ट्रॉ.
"फुंका आणि आतून ऊ म्हणा."
पन्नाशीच्या बाईनं बुडबुडे काढायचे!
मग ओठ सैल सोडून ब्र्र्र्र.
थंडीत पहाटेची पहिली मेढा गाडी
डेपोत अशीच कुरकुरते,
आणि बाबर ड्रायव्हर तिला शिव्या देत नाही,
हात स्टेअरिंगवर ठेवून बसतो.
मीही बसले.

"मॅडम, आ, ई, ऊ करून कंटाळाल.
तुमचे रोजचे काही शब्द आहेत का?"

आहेत की.
रात्री वहीत गावं मांडली.
म्हसवड पहिलं.
ओठ मिटून म् धरायचा, नाकाचं हाड गुणगुणेपर्यंत,
मग ह हलकेच सोडायचा, दुधावरची साय बाजूला करावी तसा.
औंधला जबडा आपोआप सैल होतो.
वाई दिसते एवढीशी,
पण ई लांबवली की गळ्यातला धागा पातळ होत होत
तुटतो.
ठोसेघर सगळ्यात शेवटी.
ठ अजून दुखतो.

सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर जायचे,
खाली शहर धुक्यात,
आणि मी हळू, पोटातून,
कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले...
फिरायला आलेले एक काका थबकले.
"बाई, गाडी इथं न्हाई येत.
खाली स्टँडवर जावा."
हसू आलं, आणि हसण्याबरोबर
एक जाड, ओळखीचा सूर बाहेर पडला.
काका गेल्यावर तो पुन्हा काढून बघितला.
नाही आला.

तिकडे माझ्या जागी त्यांनी रेकॉर्डिंग लावलेलं.
कुठल्या कोण मुलीचा आवाज, गोड, कधी न खोकणारा.
पुसेसावळी ती असं म्हणते,
जणू औषधाच्या बाटलीवर वाचलेलं नाव.
बाजाराच्या दिवशी म्हसवड दोनदा पुकारावं लागतं,
दुसऱ्यांदा जरा दटावून,
हे तिला कोण सांगणार?
खरं सांगते, मत्सर वाटला.
मशीनचा.

सोमवारी हजर झाले.
"साठ टक्के आलाय," समीना म्हणाली होती,
"साठातच भागवा. शंभर मागू नका."
खुर्चीवर दुसऱ्या कुणाची उशी.
माईकच्या जाळीवर धूळ.
पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवला,
खांदे सोडले,
बटण दाबलं.

"सातारा ठोसेघर, फलाट क्रमांक चार."

ठ वर फाटला.
सगळ्या स्टँडवर, आठही कर्ण्यांतून,
फाटला.

मी काचेतून बघितलं.
कुणीसुद्धा मान वळवली नाही.
हिरव्या साडीतल्या एका बाईनं
अर्धं कणीस पदरात गुंडाळलं,
पोराच्या दंडाला धरून त्याला उठवलं,
पिशवी काखेत मारली
आणि चार नंबरकडे चालू लागली.

मी घोटभर पाणी प्यायले.
पुढची म्हसवड.
ओठ मिटले.